पिअरपुढची काँक्रीटची भिंत : माझा अनुभव

उड्डाणपुलाचा पिअर, म्हणजे पूल पेलणारा खांब, हायवेच्या शोल्डरला (कडेच्या पट्टीला) अगदी लागून, आणि शेजारून भरलेले ट्रक सुसाट जाणारे. त्या पिअरपुढे काँक्रीट क्रॅश बॅरिअर (धडकणारी गाडी अडवणारी भिंत) डिझाइन करायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या ड्रॉइंगमध्ये भिंत पिअरला जवळजवळ चिकटवलेली होती. कारपुरतं ते चाललं असतं. ट्रकचं तसं नसतं. भिंतीला घासताना तो माथ्यावरून पलीकडे कलतो. चाकं अलीकडेच राहतात, पण हौद्याचा वरचा कोपरा पिअरवर आदळतो. म्हणून उंची आणि मागची मोकळी जागा यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

अमेरिकेतल्या 'आश्टो' या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या पूल-संहितेत अनेक वर्षं साधा हिशेब होता : पिअर बॅरिअरपासून साधारण ३ मीटरच्या आत असेल तर भिंत १.३७ मीटर उंच, त्याहून दूर असेल तर १.०७ मीटर. शिवाय भिंतीचा पाया स्वतंत्र हवा, पिअरला जोडलेला नको. आमच्याकडे जागा कमी, म्हणून मी उंच भिंतच धरली.

आकारावर मात्र बरीच चर्चा झाली. न्यू जर्सी बॅरिअर या प्रचलित आकाराचा खालचा तिरपा भाग रस्त्यापासून ३३ सेंटिमीटरपर्यंत चढतो. त्यावर चाक चढून लहान गाडी फार उचलली जाते, कधी उलटतेही. एफ-आकार या दुसऱ्या प्रकारात तो भाग २५ सेंटिमीटरवरच संपतो. तरी मी तळापासून माथ्यापर्यंत एकाच उताराची भिंत सुचवली. आपल्याकडे ओव्हरलेवर ओव्हरले (जुन्या रस्त्यावर नवे थर) चढतात आणि रस्ता वर येतो. या भिंतीची उंची तेवढी कमी होते, उतार बदलत नाही. उंचीत पुढच्या थरांसाठी वाढ धरून ते मंजूर झालं.

सगळ्यात जास्त जीव मी भिंतीच्या टोकात घातला. उघडं काँक्रीटचं टोक म्हणजे आणखी एक पिअरच. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला कार धडकून सायरस मिस्त्री गेले, ते ठिकाण मनातून जात नाही. भिंतीआधी खांबांवर बसवलेला पत्र्याचा बीम (कठड्याची आडवी पट्टी) येतो. तो वाकतो, काँक्रीट वाकत नाही. त्यामुळे जोडावर बीमला पोट पडतं आणि गाडी थेट टोकावर जाते. म्हणून तिथे खांब जवळजवळ आणि बीम दुहेरी दाखवला होता. साइटवर पाहिलं तर ठेकेदाराने सगळे खांब सरसकट दोन मीटरवर ठोकलेले. ते उपटून ड्रॉइंगप्रमाणे बसवल्याशिवाय मी सही केली नाही.