लाल रुमाल, निळा रुमाल

पहिल्या वर्षी मी उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओ या बास्क शहराच्या उत्सवाला भलत्याच गावचा रुमाल बांधून निघाले होते. पांढरा कुर्ता आणि गळ्यात लालभडक रुमाल. बास्क जत्रा म्हटलं की टीव्हीवर हेच दिसतं, म्हटलं आपणही तयारीनिशी जावं. ऑफिसमधली मैत्रीण मला बघून दारातच थबकली. "हे पाम्प्लोनाचं. जुलैतलं. ते संपलं." पिशवीतून तिने तिच्याकडचा जास्तीचा निळा रुमाल काढला, माझ्या गळ्यात बांधला आणि लाल रुमालाची घडी करून माझ्याच पर्समध्ये कोंबली. वर एक शब्द बोलली नाही, हा तिचा मोठेपणा. माझ्या गल्लीत असं काही झालं असतं तर मी दोन वाक्यं नक्की ऐकवली असती.

उत्सवाचं नाव 'आस्ते नागुसिया'. अर्थ 'मोठा आठवडा', दिवस मात्र नऊ. 15 ऑगस्टनंतरच्या शनिवारी संध्याकाळी आरियागा नाट्यगृहाच्या सज्जातून चुपिन, म्हणजे अग्निबाण, सुटतो. तो उडवण्याचा मान एका बाईचा. मग तिथेच दोन्ही हात वर केलेली, गोलमटोल, हसरी मारिहाया, म्हणजे उत्सवाची मोठी बाहुली, अवतरते आणि खालचा चौक वेडा होतो. वाइन उडते, पीठ उडतं. चांगले कपडे घालून पुढे घुसू नका आणि घुसलात तर तक्रार करू नका.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको 1975 मध्ये गेला. त्याच्या राजवटीत बास्क भाषा दडपलेली होती आणि इथला उन्हाळी उत्सव म्हणजे मुख्यतः बैलझुंजी आणि ऐपतदारांची करमणूक. 1978 मध्ये वस्त्यावस्त्यांतल्या लोकांनी तो रस्त्यावर आणला. मारिहायाही त्याच वर्षीची. मारी पुरी एरेरो या चित्रकर्तीने ती घडवली. तेव्हापासून उत्सव चालवतात त्या कोंपार्सा, म्हणजे लोकांची आपापली मंडळं. नदीकाठच्या आरेनाल भागात त्यांचे चोस्ना नावाचे मांडव लागतात. पेयं देणारा, ग्लास विसळणारा, रात्री तीनला कचरा उचलणारा, सगळे कार्यकर्ते, बिनपगारी. त्या कमाईवर मंडळाचं वर्षभराचं काम चालतं.

म्हणून मांडवावरचे फलक राजकीय असतात, अगदी ठळक. तिथे उभं राहून "पण तुम्ही स्पॅनिशच ना?" असं विचारू नये. मी विचारलं नाही, पण माझ्याबरोबरच्या एका पाहुण्याने विचारलं, आणि पुढची दहा मिनिटं मी जमिनीकडे बघत काढली. त्यापेक्षा बास्कमध्ये 'कैशो', म्हणजे नमस्कार, म्हणावं, ग्लास घेताना 'एस्केरिक आस्को', म्हणजे धन्यवाद, म्हणावं. उच्चार चुकला तरी समोरचा चेहरा सैलावतो. आणि जागोजागी जांभळ्या रंगात 'एस बेती दा एस' लिहिलेलं दिसेल: नाही म्हणजे नेहमी नाहीच. ते गर्दीतल्या बायकांसाठी आहे, आणि खरं तर पुरुषांनी वाचायचं आहे.

माझी खरी फजिती झाली ती वरच्या एचेबारिया बागेत. दुपारी तिथे ओळीने चुली पेटलेल्या, मातीच्या पसरट भांड्यांतून लसणाचा वास. मला वाटलं, खाऊगल्ली! एका आजोबांसमोर जाऊन मी किंमत विचारली. ते दोन्ही हातांनी भांडं धरून गोल गोल हलवत होते, थांबले नाहीत. "विकायचं नाही हे, बाई." ती पाककृतींची स्पर्धा होती आणि प्रत्येक चूल एकेका मित्रमंडळाची. कोणाच्या घरच्या पंगतीत शिरून थाळीचा दर विचारावा, तसं झालं होतं.

मी सॉरी म्हणून वळणार, तेवढ्यात त्यांनी मान हलवून बघायला बोलावलं. आत कॉड मासा होता, पिल-पिल. तेलात लसूण, सुकी मिरची, मासा, बस्स. ना पीठ, ना मलई. माशाच्या कातडीतला चिकटपणा हलवून हलवून तेलात उतरतो आणि पातळ तेलाचा दाट, पिवळसर रस्सा होतो. वीसेक मिनिटं मी नुसती उभी होते. मोबाइल काढला नाही. शेवटी त्यांनी पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून माझ्या हातावर ठेवला.

जुन्या शहरात फिरताना भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा दिसतात, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर. 26 ऑगस्ट 1983, ऐन उत्सवात नदी गावात शिरली. पानशेतच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पुणेकराला अशा खुणेजवळ थांबावंच लागतं. माझ्या शेजारून नाचत जाणाऱ्या पोरांपैकी कोणी थांबलं नाही, आणि त्यात काही चुकलंही नाही. गाव त्यांचंच आहे.

शेवटच्या रविवारी रात्री मारिहायाला नदीवर जाळतात. विसर्जनासारखंच ना, असं घरून फोनवर सगळे विचारतात. मला तसं वाटलं नाही. ती देव नाही, तिच्याकडे कोणी काही मागत नाही. हात वर केलेलेच असताना ती पेटली, लोक गाऊ लागले, आणि माझी रुमालवाली मैत्रीण हमसून रडत होती. मी तिच्याकडे बघणं टाळलं.

चोस्नातला ग्लास अनामत घेऊन देतात, परत केला की पैसे परत. त्या गडबडीत माझा परत करायचा राहिला. आता त्यात मोहरी ठेवते.