रोबोकॉनची नवी टीम: मेंटॉर मिळाले, परवानगी मिळेना

रोबोकॉन म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची, स्वतः बनवलेल्या रोबोंची स्पर्धा. कोल्हापूरजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिची टीम आम्ही पहिल्यांदा उभी केली ती २०२४ च्या स्पर्धेसाठी. ज्युनिअर पोरं भेटली की पहिला प्रश्न मोटरचा असतो. मोटरचं नंतर बघू. आधी बाहेरच्या मेंटॉरला संध्याकाळी वर्कशॉपमध्ये बसायची लेखी परवानगी काढा. आमचा सगळा जीव तिथेच गेला, आणि आजही ते आठवलं की डोकं तापतं.

मेंटॉर लगेच मिळाले होते. आमच्या गावातली एक ताई दुसऱ्या कॉलेजच्या टीममधून रोबोकॉन खेळलेली, आता कंपनीत कंट्रोलचं काम करते. फोन केला आणि ती एका शब्दात हो म्हणाली. दुसरे उद्यमनगर या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागातले एक मामा, लेथवर हयात गेलेला माणूस. माझं स्पष्ट मत आहे, नव्या टीमला असेच दोघं हवेत: एक मैदानात रोबो उतरवलेला आणि एक लोखंड-ॲल्युमिनियम हाताने ओळखणारा. महिन्यातून एकदा भाषण द्यायला येणाऱ्यापेक्षा शनिवारी हात काळे करायला बसणारा माणूस लाखमोलाचा.

त्या वर्षी यजमान व्हिएतनाम होता आणि विषय भातशेतीचा. एका रोबोने रोपं लावायची, दाणे गोळा करायचे. दुसऱ्याने माणसाच्या मदतीशिवाय आपल्या रंगाचे चेंडू उचलून कणगीत टाकायचे आणि जांभळे चेंडू, म्हणजे पोचट दाणे, बाजूला ठेवायचे. सामना तीन मिनिटांचा, सगळ्या रोबोंचं मिळून वजन ५० किलोच्या आत. कॅमेऱ्याला दिवसाच्या उजेडात जांभळा आणि निळा वेगळे दिसायचे, ट्यूबलाइटखाली गल्लत व्हायची. फोनवर ताई तरी काय सांगणार? तिला समोर बसून बघायचं होतं.

पण ती नोकरीवरून सुटणार संध्याकाळी, आणि वर्कशॉपला पाचला कुलूप.

अर्ज दिला. विभागप्रमुखांनी सही केली, पुढे कार्यालयात गेला आणि तिथे बसला. विचारायला गेलो की "साहेब मीटिंगमध्ये आहेत." नंतर "फाइल वर गेलीय." मग ती खाली आली ती शेरा घेऊन: बाहेरील व्यक्तीचे ओळखपत्र जोडावे. जोडलं. पुन्हा शेरा: सदर व्यक्ती यंत्रे हाताळणार किंवा कसे? त्याचा खुलासा दिला, तर अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, असं विचारलं. प्रश्न रास्त आहेत, माझी तक्रार प्रश्नांवर नाहीच. तक्रार ही की तिन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी एका कागदावर विचारता आले असते. सेमिस्टर सरत होतं, आणि फुकट शिकवायला तयार असलेल्या ताईला आम्ही गेटबाहेर चहाच्या टपरीवर लॅपटॉप दाखवत होतो.

मामांचं तर आणखी अवघड. रोबो सरळ सोडला तरी डावीकडे ओढायचा, आम्ही कोड तपासून थकलो. शेवटी बॅटरी काढली आणि अख्खी चौकट रिक्षात घालून उद्यमनगरात नेली. मामांनी ती सपाट प्लेटवर ठेवली आणि एका चाकाखाली पोस्टकार्डाएवढा कागद सरकवला. तो अलगद आरपार गेला. "वेल्डिंगनं चौकट ओढलीया रं, हे चाक जमिनीला टेकतंयच कुठं?" आमची चाकं मेकॅनम, म्हणजे तिरप्या रोलरची, रोबोला आडवंही सरकवणारी. ती चारही सारखी टेकावी लागतात, नाहीतर रोबो भरकटतो. वर्कशॉपमध्ये आले असते तर मामांनी हे पहिल्याच शनिवारी सांगितलं असतं.

अखेर गाडं हललं ते आमच्या एका मॅडममुळे. त्यांनी अर्ज नव्याने लिहायला लावला. त्यात तीन गोष्टी घातल्या: दोघांचा उल्लेख "अतिथी मार्गदर्शक" असा, यंत्र विद्यार्थी आणि लॅब असिस्टंटच चालवतील ही ओळ, आणि त्या वेळेत हजर राहणाऱ्या प्राध्यापकांचं नाव. नाव मॅडमनी स्वतःचं घातलं. प्रत्येक भेटीची नव्हे, पूर्ण सेमिस्टरची परवानगी मागितली. आठवड्याच्या आत सही झाली. त्या संध्याकाळी ताई रजिस्टरमध्ये नाव लिहून आत आली तेव्हा मला भरून आलं, खरंच सांगतो.

पुढचं सगळं सुरळीत. स्पर्धेच्या आयोजकांकडे डिझाइनचे कागद गेले, चालत्या रोबोचा व्हिडिओ गेला. ताईने कॅमेऱ्याभोवती पुठ्ठ्याचा आडोसा आणि स्वतःची एलईडी पट्टी लावायला सांगितली, रंगांची गल्लत बरीच कमी झाली.

राहिलंच, अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच घ्याच. आमच्या पहिल्या अर्जाला तो नव्हता, म्हणून तो कुठे अडलाय हे कोणी सांगू शकेना. आणि टीममध्ये निम्मी पोरं दुसऱ्या वर्षाची घ्या, नाहीतर मेंटॉरना दरवर्षी पाटी पुन्हा कोरी मिळते.

मंजूर पत्राची प्रत टीमच्या फायलीत पहिल्या पानावर लावलीय. मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या, फक्त अर्ज लवकर द्या, स्पर्धेचं रूलबुक यायच्या आधीच.