रिव्ह्यू वाचा, पण दोन वर्षं वापरलेल्या माणसाला गाठा

अमरावतीत माझं लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान आहे. नवीन मी विकत नाही, त्यामुळे इंजिनीअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की लोक सल्ला विचारायला हमखास येतात, विकणाऱ्यापेक्षा खोलणारा खरं सांगेल असं त्यांना वाटतं. २०२५ च्या जुलैतला एक शनिवार मात्र चांगलाच लक्षात राहिलाय.

दर्यापूरकडचे एक काका मुलीला घेऊन आले. तिला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मिळत होतं, बजेट पंचावन्न हजार, आणि काकांचं एकच म्हणणं, "भाऊ, पैसे एकदाच हायेत, चार वर्षं टिकला पाहिजे." मुलीने मोबाईलवर तीन मॉडेल काढून ठेवलेले, तिन्हींना चारच्या वर स्टार. आणि त्यातला तिला सगळ्यात आवडलेला जो होता, नेमका तोच माझ्या टेबलावर उघडा पडलेला.

मी म्हटलं ये, बघ. स्क्रीनच्या मागच्या कव्हरला आतून प्लास्टिकच्या छोट्या खुंट्या असतात, त्यात पितळी नट गरम करून बसवलेले असतात आणि हिंजचे, म्हणजे स्क्रीनच्या बिजागरीचे, स्क्रू त्या नटांत जातात. हिंज कडक झालं की स्क्रीन उघडताना सगळा जोर या नटांवर येतो, आणि एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून येतो. या लॅपटॉपचे डाव्या बाजूचे सगळे नट सुटून स्क्रूलाच लटकत होते, खुंट्यांचा भुगा झालेला. एक नट चिमट्याने काढून तिच्या तळहातावर ठेवला, दोन-तीन मिलिमीटरचा असेल. ती मला म्हणाली, "पण काका, याला साडेचार स्टार आहेत."

मग तिच्याच मोबाईलवर रिव्ह्यू वाचत बसलो. बॉक्स छान आला, डिलिव्हरी वेळेत, दहा सेकंदात चालू होतो, सगळं पहिल्या आठवड्यातलं. खोटं कोणीच लिहिलेलं नाही, पण हिंज जातं दीड-दोन वर्षांनी, तेव्हा वॉरंटी संपलेली असते आणि परत येऊन कोण लिहितो. तिला म्हटलं तीन स्टारवाले वाच, त्यात "एक वर्षानंतर लिहितोय" असे सापडतात, ते सोनं.

अजून एक गोष्ट तिथेच दिसली, ऑनलाइन एकाच नावाखाली वेगवेगळे व्हेरिएंट असतात आणि सगळ्यांचे रिव्ह्यू एकत्र येतात. तिच्या यादीतल्या एका मॉडेलला रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर होता आणि रिव्ह्यूमध्ये लोक कौतुक करत होते ७५३०यूचं. फरक साधा नाहीये, ७५२०यू मध्ये चार कोर, आतलं डिझाइन जुनं झेन २, आणि रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली म्हणजे ८ जीबी घेतला तर शेवटपर्यंत ८ जीबीच; ७५३०यू मध्ये सहा कोर आणि झेन ३. या ७००० सिरीजच्या नंबरात तिसरा आकडा बघायचा, झेन कितवं ते तिथे कळतं.

पण मी तिला हेही सांगितलं की माझ्या एकट्याच्या बोलण्यावर जाऊ नको. डॉक्टरला जसे दिवसभर आजारीच लोक दिसतात तसं माझं आहे, जो लॅपटॉप जास्त खपतो तोच माझ्याकडे जास्त येणार, आणि जे नीट चाललेत ते मला दिसतच नाहीत. तेवढ्यात टेबलावरच्या लॅपटॉपचा मालकच आला, शेवटच्या वर्षाचा इंजिनीअरिंगचा मुलगा. म्हटलं भाऊ, हिला हाच घ्यायचाय, जे आहे ते सांग.

पोरगी हुशार. चांगला आहे का असं विचारलंच नाही तिने, सरळ विचारलं, "आता परत घ्यायचा झाला तर हाच घ्याल?" तो जरा थांबला. म्हणाला स्पीडला तक्रार नाही, रॅम १६ जीबी करून घेतली, अँड्रॉइड स्टुडिओ चालतो, पण हॉस्टेलला पलंगावर बसून एका हाताने कोपऱ्याला धरून उघडायची सवय, त्यात हिंज गेलं. त्याच्या रूममेटकडे हेच मॉडेल, तो मधोमध धरून उघडतो, त्याचं अजून शाबूत आहे. आणि मग त्याने जे सांगितलं ते कुठल्या रिव्ह्यूत नव्हतं: वॉरंटीत कीबोर्ड गेला तर लॅपटॉप नागपूरला नेऊन द्यावा लागला, दीडशे किलोमीटर, परीक्षेच्या तोंडावर, आणि तीन आठवडे परत मिळाला नाही. वॉरंटी कॅरी-इन होती, म्हणजे लॅपटॉप आपणच नेऊन द्यायचा, घेताना त्याने विचारलं नव्हतं.

इतका वेळ गप्प बसलेले काका तिथे पहिल्यांदा बोलले. "मंग आमच्या पिनकोडवर माणूस घरी येईन का, हे पयले इचारा." माझ्या मते दिवसभरातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच होता. तिथेच बसून तिन्ही कंपन्यांना फोन लावले, ऑनसाइट वॉरंटी त्यांच्या गावाला एकच कंपनी द्यायला तयार झाली.

बॅटरी बदलायला आलेल्या एक शिक्षिका हे सगळं ऐकत होत्या. त्यांचा जुना बिझनेस सिरीजचा लॅपटॉप, दिसायला ठोकळा, कोरोनातले ऑनलाइन वर्ग त्याच्यावरच घेतलेले, हिंज अजून घट्ट. पण प्रोसेसर सातव्या जनरेशनचा, विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणजे त्यांनाही नवीन बघणं आलंच. त्यांनी मुलीला आपल्या स्क्रीनचे फिके रंग दाखवले, म्हणाल्या मजबुती बघितली पण डोळ्यांचं बघायचं राहिलं, तू स्क्रीन दुकानात जाऊन स्वतः बघ. मेटल बॉडीवाल्याचा विचार मुलीने घरच्या वायरिंगमुळे सोडला, अर्थिंग नसेल तर चार्जिंगला लावल्यावर हाताला झिणझिण्या येतात, खेड्यातली गिऱ्हाइकं मला हे कायम सांगतात.

शेवटी तिसऱ्या नंबरचा घेतला, ७५३०यूवाला, जरा जाड, प्लास्टिक बॉडी, रॅमला एक स्लॉट मोकळा, ऑनसाइट वॉरंटी. संध्याकाळी तिचा फोन आला, दुकानदाराला समोर बॉक्स फोडायला लावला आणि प्रोसेसरचा नंबर स्टिकरशी जुळवून घेतला म्हणे. मी तिला तेव्हाच कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढायला लावला, डिझाइन कपॅसिटी (बॅटरी मुळात किती धरणार) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता किती धरते) जवळजवळ सारखीच होती. तो रिपोर्ट स्वतःला मेल करून ठेव म्हटलं, वर्षाच्या आत फुल चार्जचा आकडा फार घसरला तर कंपनीशी बोलताना दाखवायला कागद राहतो.