तुम्ही विचारलंत म्हणून: बिलांच्या ढिगाऱ्यात साधना कशी जमते?

"मॅडम, ऑफिस, घर, वर मार्चएंड, एवढ्यात तुम्हाला साधनेला वेळ कसा मिळतो?" हा प्रश्न मला डबा खाताना विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, आणि एकदा तर लेखापरीक्षण पथकातल्या एका साहेबांनी आक्षेपांची यादी हातात ठेवता ठेवता विचारला. त्यामागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला, आवाज जरा खाली आणून: "आणि नोकरीत त्याचा काही उपयोग होतो का हो?"

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. मी एका जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात काम करते आणि विपश्यना करते, म्हणजे डोळे मिटून अंगावरच्या संवेदना बघत बसायचं ध्यान. सकाळी पाण्याची मोटर लावायच्या आधी तासभर बसते. संध्याकाळचा तास कधी होतो, कधी पोळ्या लाटण्यात जातो, मार्चमध्ये तर जातोच. वेळ काढायचा तो झोपेतून आणि मोबाईलमधून. तिसरी जागा मला तरी सापडलेली नाही. आमचे वडील पहाटे हरिपाठ म्हणून मग एसटीच्या ड्युटीवर जायचे. त्यांना "वेळ कसा मिळतो" असं कोणी विचारल्याचं आठवत नाही.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे, कारण विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हवं असतं ते असं: टेन्शन कमी होईल का, साहेबांच्या बोलण्याचा त्रास थांबेल का, बीपीची गोळी सुटेल का. या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे आणि ते मला फार आवडतं. सत्यनारायण गोयंका म्हणजे ज्यांच्यामुळे विपश्यना पुन्हा भारतात घरोघरी पोचली ते. मूळचे ब्रह्मदेशातल्या मारवाडी घरातले, व्यापारात यश भरपूर, आणि अर्धशिशीने बेजार. मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायची वेळ आलेली, परदेशातले डॉक्टर करून झालेले. १९५५ मध्ये ते रंगूनला विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी (म्हणजे गुरुजी) ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि डोकेदुखीसाठी आलोय म्हणाले. ऊ बा खिन यांनी तेवढ्यासाठी शिकवायला नकार दिला. मन निर्मळ करायला येणार असाल तर या, डोकेदुखी त्यात जायची तर जाईल, पण तिच्यासाठी येऊ नका, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. गोयंका परत गेले, काही महिने विचार केला आणि मग शिबिराला बसले.

हल्ली कंपन्यांमध्ये दुपारी पंधरा मिनिटं डोळे मिटून बसवतात आणि त्यानंतर लोक दुप्पट काम करतील अशी आशा ठेवतात. माझा भाचा पुण्यात हिंजवडीला आहे, त्याच्याकडे तर ध्यानाचं ॲपही कंपनीनेच दिलंय. वाईट काही नाही. पण नकार देणारा कोणी तिथे नाही, एवढं मला खटकतं.

आता या ऊ बा खिन यांच्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते आमच्या खात्यातले. म्हणजे लेखा विभागातले. साधा कारकून म्हणून ते रंगूनच्या महालेखापाल कार्यालयात लागले. खात्याच्या परीक्षा देत वर चढले. १९३७ मध्ये विपश्यना शिकले, तेही नोकरी करता करता, आणि ज्यांच्याकडून शिकले ते सया तेजी हे भिक्षू नव्हते, शेतकरी गृहस्थ होते. ४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, तेव्हा ऊ बा खिन त्या देशाचे पहिले महालेखापाल झाले. त्यांनी कार्यालयातच ध्यानाची सोय केली आणि हाताखालच्या माणसांना शिकवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये रंगूनमध्ये ध्यानकेंद्र उभं राहिलं. १९५३ मध्ये ते महालेखापाल पदावरून निवृत्त झाले, पण सरकारने त्यांना सोडलंच नाही. एका वेळी तीन-तीन खात्यांचा कारभार त्यांच्याकडे असे. १९६७ पर्यंत ते या ना त्या सरकारी पदावर होते, म्हणजे मरणाच्या चार वर्षं आधीपर्यंत. आमच्याकडे एका माणसाकडे तीन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार आला की तो रजेवर जातो. (मीही जाईन.)

एवढं सगळं सरकारने त्यांच्याकडे का दिलं? एक कारण कामाचा झपाटा. दुसरं कारण, हा माणूस पैसे खात नाही याची सगळ्यांना खात्री होती. आणि मला वाटतं, आपल्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या कारणात आहे. लोक मला वेळेबद्दल विचारतात, तंत्राबद्दल विचारतात, पाठ दुखते का विचारतात. शीलाबद्दल कोणी विचारत नाही. दहा दिवसांच्या शिबिरात तर सुरुवातच त्याने होते: हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. त्यानंतर साडेतीन दिवस नुसता श्वास, आणि मग चौथ्या दिवशी विपश्यना. शिबिरात शील पाळणं फारसं कठीण नसतं, कारण नवव्या दिवसापर्यंत बोलायचंच नसतं. खोटं बोलणार कोणाशी? परीक्षा शिबिरातून घरी आल्यावर, सोमवारी सकाळी, आवक रजिस्टर उघडल्यावर सुरू होते.

आमच्या विभागातले माझे एक सहकारी आहेत, त्यांच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली. त्यांना पंचशील शाळेत जायच्या आधीपासून पाठ. मी शिबिराहून आले तेव्हा ते हसून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे हे रोज संध्याकाळी होतं, तुम्ही त्यासाठी रजा घेतलीत." नंतर म्हणाले, "पण पाठ असणं वेगळं." दुसरं वाक्य ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले.

तर ३१ मार्चची संध्याकाळ घ्या. अनुदान आजच्या आज कोषागारातून निघालं नाही तर व्यपगत होणार, म्हणजे बुडणार. रात्री आठला एक देयक येतं. मोजमाप पुस्तकात आकडे भरलेले आहेत, पण उपअभियंत्यांच्या तपासणीची सही नाही. ठेकेदार दारात उभा. "मॅडम, सही उद्या घेऊन देतो, तुम्ही तारीख आजची टाका." मग फोन वाजतो, वरून. अशा वेळी काय होतं ते मी विपश्यना शिकण्याआधीही अनुभवत होते, फक्त बघत नव्हते: कानाच्या पाळ्या गरम होतात, पोटात गोळा येतो, उजव्या हाताची बोटं पेनाभोवती आवळली जातात. बसण्याच्या तासात रोज हेच तर करायचं असतं, अंगावरच्या संवेदना बघायच्या आणि त्यांना हवं-नको करायचं नाही. त्या सरावाचा ऑफिसमध्ये मिळणारा सगळा नफा मिळून चार-पाच सेकंदांचा आहे. तेवढ्या वेळात कान गरम झालेत हे कळतं. कळलं की फोनवर आवाज चढत नाही आणि पायही लटपटत नाहीत. मग शेरा लिहिला जातो: "तपासणीची सही नाही. सबब देयक परत." सहा शब्द. त्यात टोमणा नसतो, भीती नसते.

याला कोणी अध्यात्म म्हणेल की नाही मला माहीत नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलणं बंद केलं, हेही सांगून ठेवते. साधना केली की सगळे आपल्यावर खूश होतात असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसरं काहीतरी करावं.

पण पैशाचं शील तुलनेने सोपं असतं, कारण ते दिसतं. दिवाळीला सुक्यामेव्याचा डबा आला, तो परत केला, झालं. आमच्या धंद्यातलं खरं पाप बारीक आहे आणि त्याला कोणी पाप म्हणत नाही. ते म्हणजे त्रुटी हप्त्याहप्त्याने काढणं. शिक्षकाचं वैद्यकीय बिल येतं. त्यात चार त्रुटी आहेत, चारही पहिल्याच वाचनात दिसलेल्या आहेत. पण आपण एकच लिहून फाईल परत पाठवतो. तो बिचारा तालुक्याहून सुटी टाकून येतो, पूर्तता करतो, मग दुसरी त्रुटी. कधी यामागे चहापाण्याची अपेक्षा असते, पण दर वेळी नसते. कधी आळस असतो, टेबल रिकामं दिसावं एवढंच असतं. आणि कधी, हे मी अगदी प्रामाणिक माणसांमध्ये पाहिलंय, त्यात एक गोड सूक्ष्म सत्ता असते: मी अडवू शकते. पैसे न खाणाऱ्या माणसाला तर ती जास्तच गोड लागते, कारण त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. डोळे मिटून बसल्यावर दिसतं ते हे. एरवी ते नियमाच्या भाषेत लपून राहतं.

म्हणून कोणी मला विचारलं की ऑफिसमधली तुमची साधना कोणती, तर मी म्हणेन, सगळ्या त्रुटी एकदाच काढणे. बिल एका बैठकीत शेवटपर्यंत वाचणे, शक्य असेल तर फोन करून सांगणे की गुरुजी, येताना हे चार कागद आणा. ऐकायला फार फुसकं वाटतं. करून बघा.

वारकरी घरातली असल्याने मला यात नवीन काही वाटत नाही, आणि लेखा विभागातली असल्याने नाथांची एक गोष्ट तर अगदी आपली वाटते. एकनाथ लहानपणी पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनस्वामी म्हणजे किल्ल्याचे अधिकारी, निजामशाहीच्या नोकरीतले, कारभार बघून उपासना करणारे. त्यांनी नाथांना हिशेबाला बसवलं. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर वह्या चाळत राहिले, पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. जनार्दनस्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर किती होईल! कीर्तनात गोष्ट इथे संपते आणि बुवा पुढे मायेवर बोलतात. मला दर वेळी वाटतं, थांबा जरा. स्वामींनी नाथांना त्याआधी जप दिला नाही, वह्या दिल्या. आणि एक पै तर आहे, लिहून टाकू किरकोळ खर्चात, असं म्हणणाऱ्या मुलाला त्यांनी पुढचं काही दिलं असतं असं मला वाटत नाही.

उलट गोरोबाकाकांची गोष्ट मला अजून पचत नाही. तेरचे गोरा कुंभार चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात इतके बुडाले की पायाखाली रांगत आलेलं मूल कळलं नाही. पुढे पांडुरंगाने ते परत दिलं, ही कथेची बाजू. काकांबद्दल मनात आदर आहेच, पण नोकरी करणाऱ्या माणसाने या गोष्टीतून भक्तीपेक्षा सावधगिरी शिकावी. काम करताना मन देवाकडे आणि हात सवयीने चालू, याला मी साधना म्हणत नाही. ड्रायव्हरने तसं केलेलं आपल्याला चालेल का? चिखल तुडवताना चिखल बघायचा. बिल तपासताना बेरीज बघायची. मनातल्या मनात जप करत धनादेशावर सह्या करणारे एक अधिकारी मी पाहिलेत. त्यांच्या सह्या कोण तपासायचं ते विचारू नका.

अजून एक. समतेच्या, म्हणजे मन डळमळू न देण्याच्या, नावाखाली गप्प बसायची सोय फार चांगली होते. कनिष्ठ सहायक मुलीशी कोणी वाकडं बोललं, आणि मी आपली संवेदना बघत शांत बसले, तर त्याला समता म्हणत नाहीत. तिथे बोलायचं असतं, मोठ्याने बोलायचं असतं. पाहायचं एवढंच की बोलताना त्या माणसाचं वाईट व्हावं अशी इच्छा आत शिजतेय का. बहुतेक वेळा थोडी शिजत असतेच.

मी टेबलावर काही ठेवत नाही, उदबत्ती लावत नाही, कोणाला शिबिराला चला म्हणत नाही. विचारलं तरच सांगते. सरकारी टेबल सगळ्यांचं असतं, तिथे माझी साधना दिसू नये, झालाच तर तिचा परिणाम दिसावा.

आता ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात पण येण्या-जाण्याचा दिवस धरून रजा बारा दिवसांची टाका. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं. करून झाल्यावर द्यावंसं वाटलं तर द्या. पहाटे चारला घंटा होते, दिवसाला साधारण दहा तास बसायचं असतं, फोन जमा करावा लागतो. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर अर्जात ते स्पष्ट लिहा, लपवू नका. साहेबांना कारण खरं सांगा, "गावी काम आहे" म्हणून जाऊ नका. शीलाची सुरुवात रजेच्या अर्जापासून करायला हरकत नाही. आणि लेखा विभागातले असाल तर मार्चमध्ये अर्ज करू नका, मंजूर होणार नाही आणि झाला तर सहकारी शाप देतील. जुलै बरा. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रावर तेव्हा पाऊस कोसळत असतो आणि कपडे काही वाळत नाहीत, म्हणून एक जोड जास्तीचा न्या.