पवित्र गुरुवार, शहाद्याच्या पुढे

एप्रिलमध्ये खानदेशात कोणी हौसेने फिरायला जात नाही. मी भुसावळची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, त्यामुळे उन्हाचं मला कोणी सांगू नये, पण भुसावळात निदान कूलरसमोर पडून राहता येतं. सातपुड्याच्या पायथ्याला एप्रिलमध्ये पडायला जागा असते, फक्त हवा नसते.

तर २०२५ चा ईस्टर २० एप्रिलला आला आणि मम्मीने जाहीर केलं की यंदा पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, आत्याकडे. आत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण, सिस्टर म्हणजे नन आहे, नंदुरबार जिल्ह्यात एका मिशनमध्ये मुलींचं होस्टेल आणि छोटा दवाखाना बघते. मम्मी तिला नणंद असूनही सिस्टर म्हणते आणि ती मम्मीला वहिनी म्हणते, बाहेरचा माणूस ऐकून गोंधळतोच. मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मम्मी गेली दोन वर्षं घराबाहेर पडायलाच तयार नव्हती. शुगरमुळे डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली तेव्हापासून काळे सॉक्स, घरात पण, झोपताना पण, मे महिन्यात पण. भुसावळच्या चर्चमध्ये जाणं बंद, मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, यूट्यूबवर. मी पुण्याहून आले की म्हणायचे दाखव जरा, मी ड्रेसिंग करते, तर बाई बाथरूमची कडी लावून घ्यायची. शेवटी मी विचारणं सोडून दिलं.

प्रवास आपला नेहमीचा. सुरत लाइनची पॅसेंजर, तीही उशिरा, मग नंदुरबारहून शहाद्याची एसटी. मम्मीला अर्ध्या तिकिटाचा इतका आनंद होतो की कंडक्टरला दोनदा विचारून घेते, "लेडीजला अर्धंच ना?" प्रकाशाच्या पुलावर बस आली तशी बायकांनी तापीला हात जोडले, मम्मीनेही जोडले. मी बघितलं तर म्हणाली, "आपलीच नदी आहे, भुसावळहूनच येते ना, काय झालं." शहाद्याच्या पुढे जीप. पपईच्या आणि केळीच्या बागा संपल्या की डोंगर सुरू. ड्रायव्हर म्हणाला "बसा माय, जागा शे", आणि जागा मुळीच नव्हती, माझ्या मांडीवर कोणाचं तरी पोर आणि पोराच्या मांडीवर कोंबडी. खानदेशात जागा नाही असं कोणी सांगतच नाही, हा पाहुणचाराचा प्रकार मानायचा की छळाचा हे माझं अजून ठरलेलं नाही.

मिशनमध्ये पोचलो तर छपरांवर, अंगणात, खाटांवर सगळीकडे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या, आमचूरचा सीझन. हवेतच आंबट वास. आत्याने दादर ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली, वर कच्चं तेल, आणि मी जेवढं खाल्लं तेवढं पुण्यात दोन दिवसात खात नाही.

गुरुवारी संध्याकाळची मिस्सा. चर्च म्हणजे पत्र्याचा मोठा हॉल, चपला बाहेर, आत सगळे जमिनीवर, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. आणि सगळ्यात पुढे, वेदीच्या अगदी समोर, दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, भुसावळच्या पाहुण्यांसाठी. म्हाताऱ्या बायका चार-चार मैल चालून येऊन फरशीवर बसलेल्या आणि मी, पस्तिशीची धडधाकट बाई, खुर्चीवर. मी आत्याला म्हटलं मी खाली बसते, तर म्हणे, "बस गुपचूप, त्यांना वाईट वाटेल." मला ही सक्तीची इज्जत आवडत नाही. पाहुण्याला काय हवंय ते विचारायचंच नाही आणि त्याला शोकेसमध्ये मांडून ठेवायचं. मम्मीला मात्र खाली बसता येत नाही, त्यामुळे ती बसली, पदर नीट केला, पाय खुर्चीखाली ओढून घेतले. चर्चभर अनवाणी पाय आणि मधोमध हे काळे सॉक्स.

ग्लोरिया या स्तुतिगीताला होस्टेलच्या पोरींनी घंटा वाजवली, जीव तोडून, कारण त्यानंतर शनिवार रात्रीपर्यंत घंटा बंद. मग प्रवचन. फादर तरुण आहेत, नगरकडचे. आमच्या नाशिक धर्मप्रांताचा पसाराच असा आहे, १९८७ ला पुण्यापासून वेगळा झाला तेव्हापासून नगर, नाशिक, जळगाव, धुळे ते पार इकडे नंदुरबारपर्यंत सगळं एकात, त्यामुळे नगरचा पोरगा फादर झाला की इकडे येऊन पावरी, इथल्या पावरा आदिवासींची बोली, शिकतो. अर्धं मराठीत अर्धं पावरीत बोलत होते. पप्पांचं घराणं पण तिकडचंच, श्रीरामपूरकडचं, १८७८ च्या सुमारास जेझुइट फादर नगर जिल्ह्यात आले तेव्हापासूनची आमची श्रद्धा, मग आजोबा रेल्वेत लागले आणि आम्ही भुसावळकर झालो. मम्मी लगेच माझ्या कानात, "बोलतात बघ अगदी तुझ्या पप्पांसारखं."

पाय धुवायची वेळ आली. येशूने शेवटच्या जेवणाला शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. बारा जण ठरलेले होते, बाकावर बसले अकरा. बारावा गुजरातला ऊसतोडीला गेलेला, टोळी परत यायची होती पण आली नाही. फादरांनी इकडे तिकडे बघितलं आणि मम्मीकडे हात केला, "या ना आई."

मम्मी पांढरी पडली. आत्याला हळूच म्हणाली, "सिस्टर, बायका बसतात का कुठे, आपल्यात पुरुष बसतात." आत्याने ऐकून घेतलं नाही. "तो नियम २०१६ ला बदलला वहिनी, पोपनी स्वतः बदलला. त्या बघा तीन बाया बसल्यात." पूर्ण चर्च वाट बघतंय. मी उठून म्हणणार होते की मी बसते तिच्याऐवजी, तेवढ्यात बाकाच्या टोकाची एक म्हातारी, पायात चांदीची जाड कडी, ती पावरीत काहीतरी म्हणाली आणि सरकली. शेजारची जागा हाताने थोपटली. मम्मी उठली, जाऊन बसली. उजव्या पायाचा सॉक्स काढून घडी करून हातात धरला. मला कळलं तिचं गणित, सगळे एकच पाय पुढे करत होते, उजवा, तिचा उजवा चांगला आहे, सुटली.

फादर रांगेने येत होते, कमरेला टॉवेल, एक पोरगा लोटा धरून, एक पोरगा घमेलं धरून. पोरी गात होत्या, ढोलकी सुरात नव्हती. म्हातारीपाशी आले तर तिने दोन्ही पाय घमेल्यात ठेवले. शेतातून आलेला माणूस दारात पाय धुतो ना, तसे. पोरं हसली. फादर पण हसले आणि दोन्ही धुतले, कडी वर सरकवून खालची माती सुद्धा. टाचांना इतक्या खोल भेगा की पाणी गढूळ झालं आणि पोराने बाहेर जाऊन घमेलं रिकामं करून आणलं. या सगळ्यात जो वेळ गेला तेवढ्यात मम्मीने म्हातारीच्या पायांकडे बघितलं, मग वाकली, आणि डावा सॉक्स ओढून काढला.

मी तो पाय ऑपरेशननंतर पहिल्यांदा बघितला. खुर्चीवरून, आठ-दहा फुटांवरून. करंगळी नाही, तिच्या शेजारचं नाही, तिथे गुलाबी चकचकीत कातडी. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा होता पाय, जखम पूर्ण भरलेली. फादरांनी उजवा धुतला, डावा धुतला, जिथे बोटं नाहीत तिथेही टॉवेल फिरवला, ना हळू ना घाईत, आणि पुढच्या माणसाकडे सरकले.

खरं सांगते, रडू-बिडू नाही आलं, मला राग आला. दोन वर्षं मला दार लावून घेतलंस, पोटच्या पोरीला, आणि इथे दोनशे अनोळखी माणसांसमोर? वेदी उघडी करेपर्यंत, कापडं काढेपर्यंत मी तोच विचार करत होते, प्रार्थनेत लक्ष शून्य. रात्री साक्रामेंतासमोर, म्हणजे पवित्र भाकरीसमोर, जागरण होतं, बारापर्यंत, लाइट गेली, मेणबत्तीत डास. मी मम्मीला विचारलंच की मला का नाही दाखवलास. ती म्हणाली, "तू डॉक्टरसारखी बघितली असतीस. मग गूगल करत बसली असतीस." यावर मला बोलताच येईना, कारण त्या क्षणी माझ्या फोनवर मी तेच करत होते.

शुक्रवारी टेकडीवर क्रूसाची वाट, येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, भर दुपारी, चौदा ठिकाणं, एक ग्लास पाण्यावर. मम्मी पायथ्याशी झाडाखाली, सॉक्स घालून. हो, परत घातले. शनिवार रात्रीचा अग्नी, मेणबत्त्या, घंटा, रविवारी मटण आणि ढोलावर नाच, मी पण नाचले, फोटो आहेत पण टाकणार नाही.

सोमवारी निघताना आत्याने आमचूरची पिशवी दिली. ती म्हातारी फाटकापाशी आली होती, तिने मम्मीच्या हातात मोहाची वाळलेली फुलं बांधलेलं फडकं ठेवलं. मम्मीने बदल्यात काय द्यावं, पर्समधली रोझरी, म्हणजे जपमाळ, जी पप्पांनी आणली होती आणि जिला मला कधी हात लावू दिला नाही. माझा राग पुन्हा थोडा वर आला, काय करणार.

नंदुरबारहून गाडीत बसलो. दोंडाईचाच्या आसपास फोनला रेंज आली आणि मेसेजवर मेसेज, पोप फ्रान्सिस गेले. पॅरिशच्या ग्रुपवर एकच फोटो पन्नास जणांनी टाकलेला. कालच तर बाल्कनीत दिसले होते. मम्मी बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "गुरुवारी पण तुरुंगात गेलेच होते. पाय धुवायला यंदा जमत नाही म्हणाले, पण गेले." आत्याने सांगितलं होतं तिला. मग २०१३ चं सांगायला लागली, निवडून आल्या आल्या कसे ते पोरांच्या जेलमध्ये गेले, मुलींचे पाय धुतले, मुसलमान पोरीचे धुतले, तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली होती.

समोर रावेरकडचे एक केळीवाले आप्पा बसले होते, ते मन लावून ऐकत होते. "तुमचे मोठे गुरू ना हे? मग आता पुढचा कोन? मुलगा बसतो का?"

"मुलगा कुठला आप्पा, लग्नच करत नाहीत ते. निवडणूक असते."

"आँ! प्रचार?"

"प्रचार नाही. कार्डिनल, म्हणजे मोठे बिशप, त्यांना आत कोंडतात. ऐंशीच्या आतले असतील तेच मत देतात, दोन तृतीयांश पडली पाहिजेत, नाहीतर चिमणीतून काळा धूर. झालं की पांढरा."

"आपल्याकडचे हायेत का कोनी?"

"चार जण. एक गोव्याचे, एक हैदराबादचे, दोन केरळचे. आपले मुंबईचे डिसेंबरमध्ये ऐंशीचे झाले, चार महिन्यांनी हुकले," मम्मी असं हळहळून म्हणाली जसं काही घरातलं माणूस बढतीतून राहिलं.

आप्पांनी विचार केला. "पन बाई, आत कोंडून ठेवतात म्हन्जे, जेवायला तरी देतात ना?"

"देतात हो, पण साधं."

"मंग लवकर व्हईल," आप्पा म्हणाले आणि पिशवीतून केळी काढून आम्हा दोघींना दिली. मम्मीला शुगर आहे म्हणून मी तिचं केळं घ्यायला गेले, तर तिने ते सोलायला सुरुवात केली होती.