आईच्या साडेसातीवाल्याला काल डोळाभर पाहिलं

काल रात्री गंगापूर धरणाच्या बाजूला मित्राच्या शेतावर गेलो होतो. त्याने नवीन दुर्बीण घेतलीय. शहराचा उजेड मागे राहिला की तिकडे आकाश बरं दिसतं, डास मात्र फोडून काढतात.

निघताना आईने विचारलंच, "काय बघणार?" म्हटलं, शनी. "अरे, त्याच्या नजरेला नजर देऊ नये!"

दिली. आधी नुसता थरथरणारा पिवळट ठिपका. मग मित्राने फोकस फिरवला आणि आईशप्पथ, ठिपक्याच्या दोन्ही बाजूंनी बारीक काडी आरपार! कुणीतरी काचेवर स्टिकर चिकटवलाय असंच वाटलं. ती काडी म्हणजे शनीभोवतीची कडी. मार्च २०२५ मध्ये ही कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसण्याच्या स्थितीत आली होती, म्हणून अजून चपटी दिसली. १६१२ साली गॅलिलिओला तर ती दिसेनाशीच झाली. बिचारा चक्रावला, कारण ती कडी आहेत हेच त्याला ठाऊक नव्हतं.

मुख्य कडी टोकापासून टोकापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर, जाडी बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा-वीस मीटर. जवळपास सगळा बर्फाचा चुरा. आणि ग्रह एवढा अवाढव्य, पण घनता पाण्याहून कमी.

गुरू मोठा असेल, मंगळाच्या बातम्या जास्त येतात. माझं मत शनीला.

घरी आल्यावर आईला सांगितलं, तो सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत फिरतो, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींची साडेसात. ती म्हणाली, "मग मी वेगळं काय सांगत होते?"

शनिवारी तिलाही नेतोय. तेलाची बाटली घेऊन येणार म्हणतेय.