कंठ फुटला त्या दिवशी

सकाळी दहाला रंगीत तालीम, संध्याकाळी सहाला कार्यक्रम. बेचाळीस मुलं तीन ओळींत उभी, तबला जुळलेला, पेटीवर काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा, षड्ज (सा) धरलेला. समूहगीताचं तिसरं कडवं नववीतल्या एका मुलाकडे होतं. एकट्यानं गायचं. पंचमावर (प) क्षणभर थांबायचं, तिथून तार षड्जावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा वर, जायचं, तिथल्या गंधाराला (ग) स्पर्श करून परत यायचं. दोन महिने तो ते डोळे मिटून गात होता. त्या सकाळी त्यानं पंचम घेतला, श्वास भरला, आणि तार षड्जाच्या जागी दोन आवाज एकदम बाहेर पडले. एक चिरका, एक घोगरा. मधे काहीच नाही.

पहिल्या ओळीतल्या दोघी हसल्या, मग सगळीच हसली. मुद्दाम नाही, त्या वयात हसू आवरत नाही. पण मी त्याचा चेहरा पाहिला. त्यानं माइक स्टँडवर नीट अडकवला, खट्ट असा आवाजही होऊ दिला नाही, आणि विंगेतून निघून गेला. इतक्या जपून ठेवलेला तो माइक माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

एक सहकारी शिक्षक जवळ आले. "सर, कडवं आठवीतल्या त्या मुलीला देऊन टाका. त्याला मागच्या ओळीत घ्या, नुसते ओठ हलवू दे. आजचा दिवस तरी निभावेल." त्यांनी मदत म्हणूनच सांगितलं. पण 'नुसते ओठ हलव' हे शब्द मी स्वतः चौदाव्या वर्षी ऐकलेत. अशाच एका शाळेच्या कार्यक्रमात, अशाच मागच्या ओळीत. मी हलवले ओठ. त्यानंतर नऊ वर्षं कुणासमोर गायलो नाही. पेटीकडे वळलो तो त्यामुळेच. पेटीचा आवाज आदल्या दिवशी असतो तसाच दुसऱ्या दिवशी निघतो, एवढाच तेव्हा मला तिचा आधार वाटला होता.

मुलांना पाणी प्यायला सोडलं आणि संगीताच्या खोलीत गेलो. तो तिथेच होता, तबल्याच्या गादीशेजारी भिंतीला टेकून.

"कधीपासून होतंय रे?"

"दहा-बारा दिवस झाले, सर. बोलताना फारसं नाही होत. वर गेलं की होतं." थोडं थांबून म्हणाला, "मला वाटलं, सांगितलं तर काढून टाकाल."

माझ्याकडे एक वही असते. प्रत्येक मुलाचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सहज लागणारा स्वर तिच्यात तारखेसह लिहायचा, महिन्यातून एकदा. कार्यक्रमाच्या धांदलीत ती वही मी सात आठवडे उघडलीच नव्हती. निवडीच्या दिवशी त्याचा आवाज ऐकला आणि तोच आवाज कार्यक्रमापर्यंत टिकणार हे गृहीत धरलं. चूक माझी होती, आणि ती मी त्याला तिथेच सांगितली. हायस्कूलच्या मुलांबरोबर काम करणाऱ्यानं हे गृहीत धरायचंच नसतं. या वयात मुलाचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. वाढ आधी होते आणि ती लांबी सांभाळायची स्नायूंची सवय मागाहून येते, म्हणून मधल्या काळात आवाज हातातून निसटतो. बाख या जर्मन संगीतकाराच्या काळात, अठराव्या शतकात, जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या गायक मुलांचा आवाज सोळा-सतराव्या वर्षी बदलायचा, असं तिथल्या जुन्या नोंदींवरून अभ्यासकांनी काढलं आहे. आज तो बहुधा बारा ते चौदाच्या दरम्यान बदलायला लागतो. म्हणजे नेमकी ती वर्षं, जेव्हा मुलं आमच्या हाताखाली असतात.

मुलींचाही आवाज बदलतो, हे तर कुणी बोलतही नाही. दोन-तीन पट्ट्या खाली येतो, काही दिवस त्यात नुसता वारा ऐकू येतो, कारण स्वरतंतू मागच्या बाजूला पुरते मिटत नाहीत. 'ही हल्ली लक्ष देऊन गात नाही' असा शेरा मारून आपण मोकळे होतो.

"आ म्हण. जोर लावू नकोस," मी म्हणालो आणि त्याच काळी चारचा मध्य षड्ज धरला. लागला. मग एकेक स्वर खाली. निषाद, धैवत, आणि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम. तो पंचम असा भरदार आणि सरळ लागला की खोलीतला डग्गा हलकेच गुणगुणला. मुलानं चमकून वर पाहिलं. हा स्वर त्याच्याकडे आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या खालचा मध्यम मात्र नुसती खरखर. मग वरच्या बाजूला. रिषभ ठीक, गंधार ठीक, मध्यमावर पाय घसरला. मंद्र पंचमापासून मध्य गंधारापर्यंत, शुद्ध धरले तर सहा स्वर. दोन सप्तकं फिरणाऱ्या मुलाकडे त्या दिवशी एवढेच स्वर भरवशाचे होते.

"माझा आवाज फुटला ना, सर?"

त्यानं ते काच फुटल्यासारखं विचारलं होतं. मी म्हटलं, "अरे, जुनी माणसं म्हणतात, पोराला कंठ फुटला. पालवी फुटते, कोंब फुटतो, तसा." तो काही बोलला नाही. पण पुन्हा एकदा, न सांगता, हळूच तो मंद्र पंचम लावून बघितला.

मग मी त्याला ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची गोष्ट सांगितली. फ्रान्झ शूबर्ट लहानपणी व्हिएन्नाच्या दरबारी गायकवृंदात होता. आवाज फुटला तेव्हा पंधरा वर्षांचा. आपल्या हातातल्या स्वरलिपीच्या कागदावर त्यानं लिहून ठेवलं, की शूबर्ट आज शेवटचा आरवला, २६ जुलै १८१२. "आरवला?" म्हणत हा पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "पुढे काय झालं त्याचं?" एकतीस वर्षांचंच आयुष्य मिळालं आणि तेवढ्यात त्यानं सहाशेच्या वर गीतं रचली, हे सांगितलं. तो विचारात पडला.

आता गाण्याचं काय? आख्खं गाणं तीन पट्ट्या खाली आणणं हा पहिला सुचणारा उपाय, आणि तो चुकीचा. तेवढं खाली आणूनही तार गंधार त्याला लागला नसता, आणि बाकी मुलींचा मंद्र निषाद विरून गेला असता. एकाला सावरायला एक्केचाळीस जणांना बुडवण्यासारखं. अमेरिकेतले संगीतशिक्षक जॉन कुकसी यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस बदलत्या आवाजाचे टप्पे नीट मांडून दाखवले होते. त्यांचं सांगणं मी वर्षानुवर्षं धरून आहे. या काळात मुलाला गप्प बसवू नका, ज्या स्वरांत त्याचा आवाज आज सुखानं नांदतो त्या स्वरांत गाऊ द्या. मुलाला गाण्यात बसवायच्या खटाटोपात पडू नये. गाणं त्याच्या मापानं पुन्हा बेतावं.

तालमीचा पाऊण तास उरला होता. वरची चाल आठवीतल्या दोघींना दिली, एकीला नाही. ऐनवेळी एकट्या पोरीच्या गळ्यात ते ओझं घालायचं नव्हतं, दोघी असल्या की एकमेकींचा श्वास धरतात. त्याच्यासाठी त्याच कडव्याखाली त्या सहा स्वरांत फिरणारी दुसरी चाल बांधली. शब्द तेच, पण तो षड्जावरून सुरू होऊन पंचमाकडे उतरणार, वरच्या दोघी गंधाराकडे चढत असताना. आणि कडवं सुरू व्हायच्या आधी चार मात्रा फक्त त्याच्या. मंद्र पंचमावरचा एकच लांब 'आ'. हे शेवटचं त्यानं सुचवलं. मी म्हणालो होतो, तुझी चाल ऐकू येईल का याची काळजी वाटते. तो म्हणाला, "मग आधी मी एकटाच लावतो ना, म्हणजे लोकांना कळेल खाली कोण आहे."

मुलांना परत बोलावून आवाज कसा बदलतो ते दोन मिनिटांत सांगितलं. हसलेल्यांपैकी एकीनं विचारलं, "आमचापण बदलणार?" तुमचाही बदलतोय, म्हटल्यावर ओळ एकदम शांत झाली. नवी चाल पाच वेळा घेतली. तिसऱ्या वेळेला गंधारावर तो डगमगला, तर ओळीतलं कुणीही हसलं नाही.

शाळांच्या कार्यक्रमांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. रंगमंच नेहमी त्याच चार-पाच मुलांच्या वाट्याला येतो, ज्यांचा आवाज त्या तारखेला तयार असतो. बाकीचे टाळ्या वाजवायला. आणि त्या चार-पाचातलाही एखादा मधेच अडखळला की त्याची जागा दुसऱ्याला. परीक्षेत नापास झालेल्याला आपण पुढच्या वर्षी तरी बसू देतो. गाण्यात तेवढंही करत नाही, त्याला 'तुला गळा नाही' असं सांगतो आणि ते तो आयुष्यभर खरं मानतो. मला असे पन्नाशीचे लोक भेटलेत, जे आजही गुणगुणताना दार लावून घेतात.

संध्याकाळी ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या दादांनी माइकच्या पातळ्या सकाळच्या आवाजांवर लावून ठेवल्या होत्या. त्याचा माइक वाढवा, खालचा आवाज आहे, असं त्यांना पडदा उघडायच्या आधी जेमतेम सांगता आलं. तिसरं कडवं आलं. तबला थांबला. तो पुढे आला, माइकपासून चार बोटं लांब उभा राहिला आणि पंचम लावला. चार मात्रांचा ठरला होता, सहा मात्रा धरला. माझा हात हवेतच राहिला. मग दोघींनी वरून चाल उचलली आणि तो खाली उतरत गेला. शेवटच्या ओळीतल्या गंधारावर आवाज किंचित फाटला. त्यानं तो सोडला, श्वास घेतला आणि पुढचा रिषभ बरोबर जागेवर घेतला. प्रेक्षकांत किती जणांच्या ते लक्षात आलं असेल कुणास ठाऊक. दोघींपैकी एकीच्या लक्षात आलं. गाता गाता तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली, आपण बुजुर्ग गायकाला दाद देताना हलवतो तशी.

सोमवारी मधल्या सुट्टीत तो संगीताच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "सर, वही काढा." काढली. त्यानं स्वतःच पेटीवर पट्टी दाबली, डोळे मिटले आणि मंद्र मध्यम लावला. खरखर होती, पण स्वर होता. तारीख घालून लिहून घेतला.

"वरचा मध्यम अजून नाही लागत," तो म्हणाला, "पुढच्या सोमवारी बघू."